बंद स्पेक्ट्रमचा घरगुती निदान-फलक
पुण्याच्या डेसिबल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ च्या सुमारास ‘झेडएक्स स्पेक्ट्रम प्लस’ या ब्रिटिश संगणकाची भारतीय आवृत्ती परवाना घेऊन बाजारात आणली. तो संगणक आज बंद अवस्थेत हाती आला, तर त्याचे निदान करणारा सर्किट बोर्ड शिरूर-दौंडच्या एखाद्या घरातही घडवता येतो, आणि रांजणगावच्या कारखान्यांत इलेक्ट्रॉनिक वस्तू जोडणाऱ्या परिसराने ही विद्या अवश्य जोपासावी. या संगणकातील झेड-८० हा मायक्रोप्रोसेसर सुरू होताच शून्य पत्त्यावरची आज्ञा वाचतो, आणि तेथे रॉम, म्हणजे कायमस्वरूपी स्मृती, असते; मागील जोडपट्टीत बसवलेला बोर्ड मूळ रॉमची निवड रोखून तिच्या जागी चाचणीचा प्रोग्राम पुढे करतो. खरे कौशल्य या प्रोग्राममध्ये आहे, कारण जी रॅम, म्हणजे तात्पुरती स्मृती, संशयित आहे तिच्यावरच विसंबता येत नाही. म्हणून सारा हिशेब प्रोसेसरच्या अंतर्गत रजिस्टरांत ठेवून निकाल पडद्याच्या कडेच्या रंगाने कळवला जातो. त्याआधी मल्टिमीटरने उणे ५ व्होल्टचा पुरवठा तपासणे अगत्याचे, कारण संगणकातील ४११६ क्रमांकाच्या रॅम चिपांना ५, १२ आणि उणे ५ असे तीन दाब लागतात, व शेवटचा नाहीसा झाला की त्या निकामी होऊ शकतात. तांब्याचा थर असलेला कोरा बोर्ड, नको असलेले तांबे विरघळवणारे फेरिक क्लोराइड आणि बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत मिळणारे सुटे भाग एवढ्यावर काम भागते. जोडपट्टीच्या संपर्कांमधील २.५४ मिलिमीटरचे अंतर मात्र काटेकोर हवे, कारण बोर्ड एका घराने सरकला तरी धडधाकट चिप जळू शकते.