वासुदेवासाठी रकाना

पहाटेची मैफल म्हटली की आज आपल्या डोळ्यांपुढे दिवाळी पहाट येते. मांडव, समई, रांगोळी, अत्तराचा फाया, निवेदकाचे गोड बोलणे आणि पहिल्या रांगेत मान्यवर. परंतु महाराष्ट्रात पहाटेच्या गाण्याची परंपरा या मांडवापेक्षा फार जुनी आहे आणि तिला मांडव कधीच लागला नाही. मोरपिसांची उंच टोपी, पायघोळ अंगरखा, हातात टाळ-चिपळ्या, कमरेला पावा अशा वेषात वासुदेव दारोदार गात जाई. गृहिणी सुपातून धान्य आणी आणि तो देवांची नावे घेऊन दान पावल्याची जाहीर पोच देई. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ यांनी आपल्या रचनांत त्याचे रूपक केले, इतका तो लोकांच्या परिचयाचा होता. तिकीट नाही, निमंत्रण नाही, कार्यक्रमपत्रिका नाही. एक गाणारा, एक गल्ली आणि उजाडण्यापूर्वीचा तासभर, एवढ्यावर ही मैफल शतकानुशतके चालली.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना वाटेल की वासुदेव मागे राहिला तो आपल्या गावी. ते पूर्णपणे खरे नाही. सध्या मी झाशीच्या छावणीत राहतो आणि या भूमीला वासुदेवाचा एक सख्खा भाऊ आहे. त्याचे नाव हरबोला. सुभद्राकुमारी चौहान यांची झाशीच्या राणीवरील कविता ज्यांनी शाळेत पाठ केली, त्यांना आठवेल की कवयित्रीने ही कहाणी बुंदेल्यांच्या हरबोल्यांच्या तोंडून ऐकल्याचे धृपदातच सांगितले आहे. हे हरबोले म्हणजे गात गात भिक्षा मागणारे फिरस्ते. आर. व्ही. रसेल हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकारी आणि रायबहादूर हिरालाल हे त्यांचे सहकारी. मध्य प्रांतातील जातिजमातींवरचा त्यांचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात बसदेवा, वासुदेव आणि हरबोला ही नावे एकाच नोंदीखाली दिलेली आहेत. म्हणजे आपल्या अंगणात आलेला वासुदेव आणि लक्ष्मीबाईची कथा गावोगाव नेणारा हरबोला यांना त्या जुन्या प्रशासकांनी एकाच कुळातले मानले होते.

या नात्याचा अर्थ मला मोठा वाटतो. १८५७ च्या झाशीचा सरकारी वृत्तांत इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालांत आहे. मराठीत विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ आहे. तो १९०७ साली छापला गेला. परंतु ज्यांना ना अहवाल वाचता येत होता ना पुस्तक, त्यांच्यापर्यंत ती कथा पोहोचवली ती गाणाऱ्यांनीच. बुंदेलखंडात हे नवे नव्हते. महोब्याच्या आल्हा-ऊदलची गाथा शतकानुशतके तोंडीच चालत आली. ती कागदावर उतरवून घेण्याचे श्रेय फर्रुखाबादचे तेव्हाचे अधिकारी चार्ल्स इलियट यांना जाते. १८६० च्या दशकात त्यांनी गायकांना बोलावून ती लिहवून घेतली. पुढे वॉटरफील्ड यांनी तिचे इंग्रजी पद्य भाषांतर केले. ते अपुरे राहिले होते. ग्रिअर्सन यांनी ते पुरे करून १९२३ साली प्रसिद्ध केले. हे तिघेही प्रशासक होते. परकीय असूनही त्यांना एवढे कळले होते की गाणारा माणूस हा समाजाच्या स्मृतीचा वाहक आहे आणि राज्यकर्त्याने त्याचे ऐकावे.

स्वतंत्र भारताच्या कायद्याने मात्र या माणसाची गाठ एका वेगळ्याच शब्दाशी बांधली. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा १९५९ सालचा आहे. त्यातील भीक मागण्याची व्याख्या अशी की सार्वजनिक जागी दान मागणे किंवा स्वीकारणे, मग ते गाणे, नाचणे, भविष्य सांगणे किंवा खेळ करून दाखवणे अशा मिषाने का असेना, ती भीकच होय. ‘मिष’ या शब्दावर वाचकांनी थोडे थांबावे. वासुदेवाचे गाणे हे कायद्याच्या दृष्टीने गाणेच नाही. ते भीक झाकण्याचे निमित्त आहे. या कायद्याखाली पोलिसांना वॉरंटशिवाय पकडता येते, पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे संस्थेत ठेवता येते आणि पुन्हा पुन्हा सापडल्यास ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाऊ शकते. त्याच महाराष्ट्र राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत वासुदेव आहे, पांगुळ आहे, गोंधळी आहे, नंदीवाला आहे. एका विभागाची फाइल म्हणते की या समाजाला आधार द्या. दुसऱ्या विभागाची फाइल म्हणते की याला उचला. दोन्ही फाइली नियमाला धरून आहेत.

दिल्ली उच्च न्यायालयाने ८ ऑगस्ट २०१८ रोजी या कायद्यातील भीक मागणे हा गुन्हा ठरवणारी कलमे घटनाबाह्य ठरवली. पण तो निकाल दिल्लीपुरता होता. उत्तर प्रदेशाचा स्वतःचा कायदा १९७५ चा आहे, मध्य प्रदेशाचा १९७३ चा. इंदूरमध्ये जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचे धोरण आले आणि पाठोपाठ फेब्रुवारीत भोपाळमध्येही तसा आदेश निघाला. इंदूरच्या मराठी वस्तीत उद्या खराखुरा वासुदेव आला आणि एखाद्या आजीबाईंनी त्याच्या झोळीत पसाभर गहू घातले, तर गुन्हेगार कोण, या प्रश्नाचे उत्तर ठाण्यातल्या हवालदाराला देता येईल काय?

आता ध्वनिप्रदूषणाचा नियम पाहू. २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा हा शांततेचा काळ ठरवला. मूळ बंधन ध्वनिक्षेपकावर होते आणि ते अत्यंत आवश्यक होते. २०१० साली दुरुस्ती होऊन त्यात वाद्येही आली. सणासुदीला वर्षातून पंधरा दिवसांपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, परंतु ती सवलत रात्री दहा ते बारा या वेळेची. पहाटे चार ते सहा या वेळेला सवलतच नाही. नियम करणाऱ्यांच्या नजरेसमोर रात्रीचा उत्सव होता, पहाटेचा नव्हता. त्यामुळे अक्षरशः अर्थ लावला तर मध्यरात्रीपर्यंत चालणाऱ्या गरब्याला परवानगी मिळू शकते, आणि पाच वाजता उघड्यावर चिपळ्या वाजवणाऱ्याला ती देण्याची तरतूदच कुठे नाही.

मोठ्या शहरांत, सरकारी वसाहतींत आणि छावण्यांत हा प्रश्न कायद्याच्याही आधी फाटकावर सुटतो. एकदा एका वसाहतीच्या फाटकाशी करताल घेतलेल्या एका वृद्ध गायकाला परत पाठवताना मी पाहिले. पहारेकरी उद्धट नव्हता. त्याच्यापुढे नोंदवहीत रकाने होते: पाहुणा, घरकाम करणारे, दूधवाला, दुरुस्तीवाला, सामान पोहोचवणारा. गाणारा यांपैकी कोणीच नव्हता. ज्याच्यासाठी रकाना नाही तो आत येत नाही, हा फाटकाचा नियम आहे, आणि पुष्कळ अंशी तो शासनाचाही नियम आहे.

मग शासन लोकसंगीतासाठी काहीच करत नाही काय? करते. १९८५-८६ मध्ये सांस्कृतिक क्षेत्रीय केंद्रे स्थापन झाली; नागपूरला एक आहे, प्रयागराजला एक आहे. वाराणसीच्या अस्सी घाटावर नोव्हेंबर २०१४ पासून ‘सुबह-ए-बनारस’ चालते. सूर्योदयाच्या वेळी आरती, मग गायन-वादन, मग योगासने. रोज सकाळी एखाद्या कलावंताला गंगेकाठी बसून गाता यावे, ही कल्पना मला मनापासून आवडते. तरुण कलाकारांना यातून व्यासपीठ मिळाले हे मान्य करायलाच हवे. परंतु व्यासपीठ म्हटले की निवड आली, अर्ज आला, श्रेणी आली, देयक आले. ज्याला अर्ज लिहिता येतो तो वर चढतो. आपल्या दिवाळी पहाटेतही हल्ली मध्येच ‘वासुदेव’ येतो, टाळ्या घेतो. बहुधा तो वेष केलेला हौशी नट असतो. वेषाला मान आहे, वेष ज्याचा आहे त्याला नाही.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला यात एक जुना सिद्धांत दिसतो. बॉमोल आणि बोवेन या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले की कारखान्यात यंत्रांमुळे दरडोई उत्पादन वाढत जाते, पण चौघांनी वाजवायची रचना वाजवायला आजही चौघेच लागतात आणि तेवढाच वेळ लागतो. म्हणून प्रयोगकलांचा खर्च इतरांच्या तुलनेत वाढतच राहणार. वासुदेव दुप्पट वेगाने दारे घेऊ शकत नाही. त्यातच गाणे साऱ्या गल्लीला ऐकू येते आणि दान एकच घर देते. बाजाराच्या हिशेबात ही व्यवस्था तोट्यातच जायची. तरीही ती टिकली, कारण तिचा वरखर्च शून्य होता. आपण तिच्या जागी आणलेल्या कार्यक्रमाचा मात्र वरखर्चच मोठा आहे. मांडव, ध्वनियंत्रणा, फलक, पाहुण्यांची गाडी आणि अल्पोपाहार यांची देयके बेरजेत धरली, की गाणाऱ्याच्या वाट्याला काय उरते ते कुठल्याही लेखापालाला विचारावे.

याला आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. मुले पळवून भीक मागायला लावणाऱ्या टोळ्या आहेत; त्यांच्याशी कठोरपणेच वागले पाहिजे. छावणी ही लष्करी जागा आहे. तेथे कोणीही ओळख न पटवता हिंडावे असे मी म्हणणार नाही. रात्रपाळी करून आलेल्याला, आजाऱ्याला झोपेचा हक्क आहे. भटक्या समाजातील तरुण स्वतःच विचारतात की आम्ही झोळी घेऊन फिरावे ही तुमची हौस का? या शेवटच्या प्रश्नापुढे तर मान लववावी. कोणाच्या मुलाने वासुदेव व्हावे हे ठरवणे माझे काम नाही. परंतु ज्याला गायचे आहे त्याला गुन्हेगार ठरवू नये, एवढे नक्कीच शासनाचे काम आहे.

उपाय फार मोठे नाहीत. पहिला उपाय कायद्याच्या भाषेतला. राज्यांच्या भीक प्रतिबंधक कायद्यांत जेथे जेथे गाणे आणि नाचणे यांना भिकेचे मिष म्हटले आहे, तेथून ते शब्द काढावेत. मुलांचे शोषण आणि सक्ती यांच्यावरील तरतुदी तशाच राहू द्याव्यात.

दुसरा उपाय तर तयारच आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात विक्रेत्याच्या व्याख्येत केवळ वस्तू विकणारा नाही, जागोजाग फिरून लोकांना सेवा देणाराही आहे. आणि या कायद्यातील ‘स्थानिक प्राधिकरण’ या संज्ञेत छावणी परिषदेचा उल्लेख नावानिशी आहे. फिरत्या लोकगायकाला या व्याख्येत धरून ओळखपत्र द्यावे. नोंद होईल, पडताळणी होईल, सुरक्षेचा प्रश्न मिटेल आणि फाटकावरच्या वहीत त्याचा रकाना तयार होईल. सकाळी सहानंतर, ध्वनिक्षेपकाशिवाय, आठवड्यातून एक दिवस एका बागेत किंवा पाराखाली त्याने गावे. ज्याला ऐकायचे तो येईल. यासाठी अनुदान लागत नाही, ठराव लागतो.

तिसरी गोष्ट पैशाची. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रीय अर्थमंत्र्यांनी एक चित्रफीत सर्वांना दाखवली होती. आंध्र-तेलंगणाकडील नंदीवाल्याच्या बैलाच्या कपाळावर मोबाइलने पैसे देण्याचा क्यूआर कोड बांधलेला होता. देशाच्या डिजिटल प्रगतीचे उदाहरण म्हणून तिचे कौतुक झाले. ते योग्यच होते. मात्र जो व्यवहार अर्थखात्याला प्रगती वाटतो तो गृहखात्याला गुन्हा वाटू नये, एवढी सुसंगती नागरिकाने मागितली तर ती अवाजवी नव्हे.

शेवटी एक विनंती, महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळांना. झाशी, इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर, दिल्ली, जेथे आपण असाल तेथे दिवाळी पहाट होत असेलच. यंदा पुण्या-मुंबईहून वाद्यवृंद बोलावण्याच्या खर्चातला थोडा भाग बाजूला काढा आणि आपल्याच जिल्ह्यातील एखाद्या हरबोल्याला, बसदेव्याला, आल्हा गाणाऱ्याला मानाने बोलवा. मानधन गाणे संपताच त्याच्या हातात द्या. देयकासाठी त्याला पुन्हा येरझारा घालायला लावू नका. आणि त्याचे नाव कार्यक्रमपत्रिकेत छापा. वासुदेव देणाऱ्याची पोच जाहीरपणे देत आला. त्याच्या गाण्याची पोच आपण कधी दिलेली नाही.