पाठीवरचा भार

कंबरदुखी म्हणजे उतारवयाचे दुखणे, ही समजूत आता टाकून द्यावयास हवी. २०२० साली जगातील सुमारे ६१ कोटी ९० लाख लोक तिने ग्रस्त होते. जड वजने उचलणे, ओझ्यासह वळणे, बसचालकाला दिवसभर बसणारे हादरे ही तिची परिचित कारणे; धूम्रपान व स्थूलपणा आहेतच. कारकुनाला निदान खुर्चीविषयी कुरकुर तरी करता येते! हमालाने कोणाकडे जावे? प्रौढ पुरुष कामगाराच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलोंवर आणावी, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ सालीच केली. पोत्याचे वजन हमाल ठरवीत नाही, व्यापारी ठरवितो. म्हणून कंबरपट्ट्याचा उपदेश पुरे. सरकारने बाजारात निरीक्षक पाठवून पोती तोलावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.