खेळ हाती, यंत्र मुठीत

मुलाच्या हाती व्हिडिओ गेम दिसला की आपण तो काढून घेतो. आम्हांस वाटते, त्याला तो घडवू द्यावा. २०१२ साली इंग्लंडात विक्रीस आलेला ‘रास्पबेरी पाय’ हा एकाच सर्किट बोर्डावरील संगणक मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावे याच हेतूने निघाला. त्याचे ‘झिरो’ हे धाकटे रूप अवघे ६५ मिलिमीटर लांब. त्यास छोटा पडदा, बटणे, लिथियम बॅटरी आणि तिचा दाब ५ व्होल्टपर्यंत चढवणारे सर्किट जोडले, मेमरी कार्डावर इम्युलेटर बसवला, की १९८९ च्या ‘गेमबॉय’सारखे यंत्र तयार होते.

बटण दाबूनही पडदा हलला नाही, तर डाख सुटला की प्रोग्रॅम चुकला, हे मुलालाच शोधावे लागते. तेथे पाठांतर उपयोगी पडत नाही. बॅटरी जोडताना मात्र जाणत्याने शेजारी असावे. इतरांचे खेळ फुकट उतरवून घेण्यापेक्षा पायथनमध्ये स्वतः लिहिलेला साधा खेळ अधिक मोलाचा.

घडवणारे हात आणि वाचणारे डोळे आपल्या समाजाने शतकानुशतके वेगळे ठेवले, हे इतिहास शिकवताना आम्ही रोज पाहतो. ते एकाच मुलाच्या ठायी एकत्र यावेत. माजी विद्यार्थ्यांनी शाळेस चार सोल्डरिंग आयर्न द्यावेत. आणि त्यांसोबत आपला एक रविवारही.