फोटो आहे, पण नाव कुठे आहे?

1 जानेवारी जवळ आला की आमच्या मोबाईलवर गणवेशातल्या महार सैनिकांचे फोटो फिरू लागतात. खाली एकच ओळ : 'आमचे शूर पूर्वज'. कोण? कुठल्या गावचा? कुठल्या पलटणीचा? पाठवणाऱ्याला माहीत नाही, पुढे ढकलणाऱ्याला विचारावेसे वाटत नाही. कोरेगावचा स्तंभ पुरावा ठरतो, कारण त्यावर नावे कोरलेली आहेत. मग फोटो बिननावाचा कसा चालतो?

कोडॅकने 1912 मध्ये खिशात मावणारा घडीचा कॅमेरा काढला. पहिल्या महायुद्धात तो 'सैनिकांचा कोडॅक' म्हणून खपला. 1915 पासून त्याच्या पाठीला छोटी झडप आली. ती उघडून फिल्मवरच नाव, तारीख लिहिता येई. ब्रिटिशांनी आघाडीवर खासगी कॅमेऱ्यांना बंदी घातली, तरी गोरे सैनिक ते लपवून वापरत राहिले. हिंदी शिपाई मात्र बहुतेक वेळा दुसऱ्याच्या कॅमेऱ्यासमोर उभा होता. फोटोखाली त्याचे नाव नाही, 'शीख', 'गुरखा' एवढेच.

आमची गोष्ट त्याहून वाईट. 'लढाऊ जाती'चे खूळ काढून 1890 च्या दशकात महारांची भरतीच बंद केली होती. माणसे कमी पडली तेव्हा 1917 मध्ये 111 महार पलटण उभी केली, 1921 मध्ये मोडली. गरज सरो, वैद्य मरो! महार रेजिमेंट उभी राहायला 1941 उजाडले.

'इंग्रजांच्या चाकरीचे फोटो कशाला जपता?' असे विचारणाऱ्यांना आमचा सवाल : त्या फौजेत कोणती जात नव्हती? आमच्यासाठी गणवेश म्हणजे शाळा आणि पेन्शन. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर फौजेतून निवृत्त झाले आणि 1888 मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले. सुभेदार रामजी फौजेच्या शाळेत शिकवत होते. साम्राज्यासाठी लढलेल्या माणसाला गावात परतल्यावर पाणवठा बंदच होता. 1927 चे महाड समजायचे तर हा अपमान समजला पाहिजे. नुसत्या 'शूर'ने तो झाकू नका.

जुलै 2021 मध्ये सावित्रीच्या पुराने महाड बुडाले. असा पूर पेटीतला फोटो, पेन्शनचे पुस्तक, पदक यांचा चिखल करून जातो. ओळख सांगणारी आजी गेली की उरलेला फोटोही मुका होतो.

म्हणून रायगडच्या खाडीकाठच्या, किनाऱ्यावरच्या प्रत्येक वस्तीतल्या तरुणांना आमचे सांगणे : आधी घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. मनीऑर्डरची वाट पाहत घर त्यांनीच चालवले. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, पलटण, साल आणि सांगणाऱ्याचे नाव लिहा. मोबाईलवर दोन्ही बाजू टिपा. मूळ प्रत घराबाहेर देऊ नका. 20 मार्चला महाडला येताना एक प्रत आणा, आपसात ताडून पाहा.

कॅमेरा आमच्या हातात नव्हता, हे खरे. पेन्सिल तर आहे ना?

जय भीम!