विश्लेषण : पोलिसांचे गुपचूप रेकॉर्डिंग केले तर गुन्हा ठरतो का?

शेजाऱ्याशी झालेल्या वादासंदर्भात एक नागरिक २०१८ मध्ये वर्धा शहरातील पोलीस ठाण्यात गेला. तेथील चर्चेचे तो मोबाइलवर चित्रीकरण करत असल्याचे पोलिसांच्या लक्षात आले आणि गुन्हा त्याच्यावरच दाखल झाला. तोही शासकीय गोपनीयता कायदा, १९२३ नुसार, म्हणजे हेरगिरी रोखण्यासाठी ब्रिटिशांनी केलेल्या कायद्यानुसार.

न्यायालय काय म्हणाले?

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये हा गुन्हा रद्द केला. या कायद्यात ‘निषिद्ध ठिकाण’ म्हणजे काय, याची सविस्तर व्याख्या आहे. त्यात लष्करी आस्थापना, शस्त्रागारे, गोद्या आहेत. पोलीस ठाणे नाही. पाथर्डी (जि. अहिल्यानगर) ठाण्यातील संभाषण रेकॉर्ड केल्याच्या प्रकरणात औरंगाबाद खंडपीठानेही २०२४ मध्ये हेच सांगत गोपनीयता कायद्याखालील आरोप रद्द केला. पहिला निकाल येऊन दोन वर्षे झाली तरी त्याच मुद्द्यावर पुन्हा उच्च न्यायालय गाठावे लागले, हे बोलके आहे.

समोरच्याला न सांगता केलेले रेकॉर्डिंग चालते का?

हा प्रश्न जुना आहे. मुंबईचे तत्कालीन कॉरोनर आर. एम. मलकानी यांच्या लाचप्रकरणात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने एका डॉक्टरच्या संमतीने त्याचे मलकानींशी झालेले फोनवरील संभाषण टेप केले होते. मलकानींना त्याची कल्पना नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये हा पुरावा ग्राह्य धरला. संभाषणातील एका व्यक्तीची संमती येथे महत्त्वाची ठरली. दोन तिऱ्हाइतांचे बोलणे चोरून टिपणे ही वेगळी गोष्ट. शिवाय प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे सीसीटीव्ही बसवावेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. त्यामुळे ठाण्यातील कामकाज गुप्त असल्याचा युक्तिवाद मुळातच लंगडा पडतो.

मग धोका कोठे?

चित्रीकरण करताना कारवाईच्या आड आल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम २२१ (सरकारी कामात अडथळा), धक्काबुक्की झाल्यास कलम १३२ लागू शकते. वादात पोलिसांना हीच कलमे सर्वात जवळची असतात. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणारी चित्रफीत प्रसारित करणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे.

पुरावा म्हणून किती टिकेल?

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली प्रत सहसा कामाची नसते. मूळ फोन जपावा, फाइल कापू-जोडू नये. प्रत सादर करायची तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र लागते. पोलिसांनी ‘फोन इकडे द्या’ म्हटल्याने जप्ती होत नाही. तिचा पंचनामा लागतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार त्या जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण पोलिसांनाच करावे लागते, तेही शक्यतो मोबाइलवर.