राहुटीतील सुख

हल्ली सुटी जवळ आली की आमच्या शिकवणीला येणाऱ्या मुलांच्या तोंडी 'ग्लॅम्पिंग' हा शब्द ऐकू येतो. थाटमाट आणि तंबूतील मुक्काम अशा अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांची मोट बांधून तो गेल्या वीस वर्षांत तिकडे रूढ झाला. रानात राहावयाचे, पण उशाला दगड घेऊन नव्हे; तंबू असावा, आणि त्यात पलंग, गादी, स्वच्छ न्हाणीघर व सकाळी वाफाळलेला चहाही असावा, असा त्याचा भावार्थ. शब्द ऐकताच घरातील वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. रानात जाऊन गादीवरच लोळावयाचे तर घर काय वाईट, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल आम्हा लष्करकरांनी विचारावा, याची मात्र आम्हांस मोठी गंमत वाटते.

ज्या शहरात आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली त्याचे नावच मुळी छावणीचे आहे. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी उज्जैन सोडून ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला. तो तळ पुन्हा उठलाच नाही. कापडाच्या जागी दगड आला आणि लष्कराचे शहर झाले. त्याच्या आदल्याच वर्षी ब्राउटन नावाचा एक इंग्रज अधिकारी शिंद्यांच्या छावणीबरोबर हिंडत होता. त्याने लिहिलेली पत्रे १८१३ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्यांत मुक्काम हलविण्याची रीत दिली आहे. बिनीवाला पुढे जाई, जागा हेरून पांढरे निशाण रोवी. तेथे महाराजांचे डेरे पडत, आणि त्या खुणेवरून बाजारांची निशाणे आपापल्या जागी लागत. विसाजी कृष्ण बिनीवाल्यांचे आडनाव अनेकांना ठाऊक असते, त्यामागचे काम फारसे कोणास आठवत नाही. पुण्यात पेशव्यांचा फरासखाना होता. डेरे, कनाती आणि बिछायत सांभाळणे हे त्या खात्याचे काम. आता ते नाव तेथील पोलीस ठाण्याने राखले आहे. त्याही आधी औरंगजेबाच्या स्वारीबरोबर काश्मीरला गेलेल्या बर्निए या फ्रेंच वैद्याने लिहून ठेवले आहे की, बादशहाकडे डेऱ्यांचे दोन संच असत. एकात मुक्काम असे, तोवर दुसरा पुढच्या मजलेवर उभा होत असे. तेव्हा रानात गादी घालणे हे काही विलायती खूळ नव्हे.

फरक आहे तो सुख कशास म्हणावयाचे यात. जुन्या डेऱ्यातील सुख कापडाचे आणि अकलेचे होते. बाहेरचे कापड आणि आतले अस्तर यांमध्ये हातभर पोकळी ठेवीत, म्हणजे उन्हाचा ताप त्या हवेतच जिरे. वैशाखात दाराला वाळ्याचा ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपीत. कनात उचलली की वारा आत, सोडली की पडदा. निजलेला माणूस आणि रान यांच्यामध्ये कापडाची जाडी काय ती असे. घुबड बोलले तर ऐकू येई, पाऊस पहिल्या थेंबापासून कळे. आमच्या घराण्यात दरबारची नोकरी होती, आणि मुक्कामाच्या जागी रात्री गाणे होई तेव्हा समेवर एखादा घोडा हमखास फुरफुरे, ही गोष्ट घरात फार रंगवून सांगितली जात असे. आम्ही ती कितपत खरी मानावी हे वाचकांनीच ठरवावे.

हे सारे आज लिहिण्यास कारण घडले ते मोहगावच्या एका बागायतदार स्नेह्यांमुळे. मोहगाव म्हणजे सौंसर तहसिलीतील, अर्धनारीश्वराच्या देवळाचे. ग्वाल्हेरहून दक्षिणेस जाणारा लोहमार्ग झाशी, भोपाळ, इटारसी, आमला करीत ज्या पांढुर्ण्यावरून नागपुरास जातो, तो सगळा पट्टा मराठी बोलीचा आणि संत्र्याच्या बागांचा. १९५६ च्या प्रांतरचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, हा मुलूख मध्य प्रदेशातच राहिला; २०२३ साली छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा निघाला, त्यात आता सौंसरही आहे. स्नेह्यांनी विचारले, "गुरुजी, लोकं वावरात झोपाले पैसे देतेत म्हणे, खरं काय?" खरे आहे, असे आम्ही म्हणालो. तेव्हा त्यांनी एका ठेकेदाराने काढून दिलेला नकाशा पुढे ठेवला. बागेतील साठ झाडे काढून तेथे पारदर्शक प्लास्टिकचे सहा घुमट, मधोमध पोहण्याचा हौद, हिरवळ, रंगीत दिव्यांच्या माळा आणि नाचगाण्यासाठी ध्वनिक्षेपक.

हा नकाशा आम्हांस मुळीच पसंत पडला नाही, आणि त्याची कारणे नवख्या प्रवाशाच्याही उपयोगाची आहेत.

प्रथम त्या घुमटांचे. युरोपच्या थंडीत पारदर्शक छत शोभते. आत ऊब धरून राहते. सौंसरच्या उन्हात सकाळी नऊनंतर त्याची भट्टी होते. मग थंड हवेचे यंत्र अहोरात्र चालवावे लागते, आणि दारे बंद. म्हणजे तारे पाहण्यासाठी पैसे मोजलेला पाहुणा हवाबंद बाटलीत निजतो. त्या यंत्राच्या आवाजाविषयी आम्हांस गवई म्हणून एक तक्रार आहे. आपल्याकडील विजेवर चालणाऱ्या यंत्रांची गुणगुण सेकंदास १०० कंपनांची असते. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याचा मंद्र पंचम सुमारे १०४ कंपनांचा. तेव्हा ही गुणगुण म्हणजे रात्रभर चालू असलेला, उतरलेला पंचम. ज्याचा कान जरा तयार आहे त्याला झोप लागणे कठीण, आणि ज्याचा तयार नाही त्याला तरी रानात येऊन रातकिडे ऐकू नयेत का?

त्यापेक्षा जाड सुती कापडाची दुहेरी राहुटी शतपटीने बरी. सुती कापडाची खुबी अशी की, ते भिजले म्हणजे धागा फुगतो आणि विणीतील भोके मिटतात. मात्र पावसात आतून त्याला बोट लावू नये; जेथे बोट लागेल तेथून ठिबकू लागते. सुताचे व तागाचे दोर भिजले की आखडतात, म्हणून पाऊस दिसताच तणावे थोडे सैल करावे लागतात, नाहीतर मेखा उपटतात. या पट्ट्यातील काळ्या मातीत तर मेख भिजल्यावर लोण्यातून यावी तशी निघते. यासाठी राहुटी मुरमाच्या ओट्यावर हवी आणि भोवती पाण्याला वाट देणारा चर हवा. पहिल्यांदा जाणाऱ्याने छायाचित्रातील झुंबर पाहू नये; ओटा आणि चर आहे की नाही ते विचारावे. न्हाणीघराचे पाणी कोठे जाते तेही विचारावे, संकोच करू नये. २०२३ साली काशीत गंगेच्या वाळूवर मोठे तंबूनगर उभारले, त्याचे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले. पलंग कितीही मऊ असो, सांडपाणी नदीत जात असेल तर तो मुक्काम नासका.

आता हौद. दहा मीटर लांब, पाच रुंद आणि सव्वा मीटरहून थोडा कमी खोल धरला तरी त्यात साठ हजार लिटर पाणी बसते. मोठ्या संत्र्याच्या झाडास ऐन उन्हाळ्यात ठिबकाने दिवसाला शंभरेक लिटर लागते. म्हणजे एकदा भरलेला हौद सहाशे झाडांचे एका दिवसाचे पाणी पितो. शेजारच्या वरुड-मोर्शीकडे बागांसाठी विंधनविहिरी किती खोल गेल्या आणि तरी किती बागा वाळल्या, हे आमच्या स्नेह्यांना आमच्याहून अधिक ठाऊक आहे. ज्या झाडांच्या जिवावर घर चालले ती तोडून त्यांच्या तोंडचे पाणी पाहुण्यांच्या डुंबण्यास देणे हा व्यवहार म्हणूनही आतबट्ट्याचा. हौद शहरातही मिळतो. माघात आंबिया बहराची फुले उमलली की रात्री बागेत जो वास भरतो तो शहरात कोठून आणणार?

आणि दिव्यांच्या माळा! सौंसरच्या पूर्वेस, पेंचच्या महाराष्ट्राकडील व्याघ्रप्रकल्पास २०२४ च्या जानेवारीत काळोख्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. भारतात ती पहिलीच. त्यासाठी आसपासच्या गावांतील दिवे बदलून प्रकाश केवळ जमिनीकडे पडेल असे केले. एकीकडे सरकार अंधार राखण्यासाठी खर्च करते आणि दुसरीकडे आपण तो घालविण्यासाठी खर्च करावा, यात काय शहाणपण? पायवाटेवर गुडघ्याइतक्या उंचीचे, झाकलेले पिवळे दिवे पुरे.

बागेचे मालक म्हणतील, मग लोक येणार कशाला? लोक येतात. तामियाकडील सावरवानी या गावी आदिवासी कुटुंबांनी आपल्या घरांलगत पाहुण्यांची सोय केली, त्या गावास २०२४ साली केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने उत्तम पर्यटन ग्रामांत निवडले. तेथे झुंबर नाही, सारवलेली जमीन आहे. पैसा घरच्या बाईच्या हाती पडतो, हे आम्हांस त्यात सर्वांत मोलाचे वाटते. इंदिरासागराच्या काठी हनुवंतियाला २०१६ पासून जलमहोत्सवात तंबू लागतात, तेथेही गर्दी असते. ज्यांना जत्रा हवी त्यांनी तिकडे जावे, आमची हरकत नाही. सातपुड्यात तंबू ठोकण्याची हौस तशी जुनीच. स्टर्नडेल या साहेबाने १८७७ मध्ये सिवनीविषयी पुस्तक लिहिले, त्याच्या नावातच सातपुड्यातील छावणीचे जीवन आहे.

मोहगावला मुक्काम करावयाचा तर कार्तिक ते फाल्गुन हे दिवस उत्तम. पौषात रात्री कडाक्याची थंडी असते, तेव्हा रजया दोन मागून घ्याव्या. मोहाची फुले गळताना पाहावयाची असतील तर चैत्र गाठावा, मात्र दुपारी राहुटीत बसण्याची आशा धरू नये. आंब्याखाली खाट टाकून घ्यावी. जेवणास काय मिळेल असे विचारू नये, रोडगे मागावे. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले ते जाड गोळे, वर तुपाची धार, वांग्याची भाजी. नगरातील आचाऱ्याने आणून दिलेल्या पनीरच्या पदार्थांपेक्षा हे घरच्या माणसांना करणे सोपे आणि पाहुण्यास पचण्यास बरे, निदान पहिल्या दिवशी. (दुसऱ्या दिवशीची हमी आम्ही घेत नाही.)

स्नेह्यांना आम्ही इतकेच सुचविले की, झाड एकही तोडू नये. बागेच्या कडेला, रानडुकरांसाठी जागल करण्याचा माळा आहे तेथे, पडीक तुकड्यावर दोन ओटे बांधावे आणि एक हिवाळा दोनच राहुट्या लावून पाहावे. चालल्या तर तिसरी. न चालल्या तर कापड गुंडाळून ठेवता येते, तोडलेले झाड पुन्हा फळावर येण्यास पाच-सहा वर्षे लागतात. त्यांनी अद्याप हो म्हटलेले नाही. ठेकेदाराचा नकाशा रंगीत आहे आणि आमचा तोंडी, त्यामुळे घरातील तरुण मंडळींचा कल कोठे आहे हे सांगण्याची गरज नाही.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी रियाजासाठी म्हणून अशा ठिकाणी जाणार असेल तर त्याला एक सूचना. तंबोऱ्याची गवसणी जाड न्यावी आणि रात्री तो जमिनीवर न ठेवता खाटेवर, भोपळ्याखाली घडी घालून ठेवावा. पहाटे दव पडले की तबल्याची पुडी हमखास उतरते. हातोडीने ठोकून चढविण्याची घाई केली तर ऊन वर आल्यावर ती इतकी ताणते की शाई तडकण्याचे भय. सूर्य कासराभर वर येईपर्यंत तबला झाकून ठेवावा आणि नुसत्या तंबोऱ्यावर खर्ज लावावा.