चार आण्याची कोंबडी

मंडळी, हिवाळा सरत आला की अमेरिकेतल्या मराठी पुरुषवर्गाला दोन झटके हमखास येतात. एक परसात मिरच्या-मेथी लावण्याचा आणि दुसरा गराज आवरण्याचा. अलीकडे यात तिसऱ्याची भर पडली आहे. कुणाच्या तरी कोठारात वीस वर्षं धूळ खात पडलेली, अर्धवट खोललेली जुनी 'मसल कार' विकत घ्यायची आणि आपण ती पुरी करायची! गेल्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ घेता घेता तिघांनी आम्हाला याबद्दल विचारलं. म्हटलं, चला, या वेळचं सदर यावरच लिहावं.

या गाड्यांचं वेड का लागतं हे समजणं कठीण नाही. १९६४ साली पॉन्टिअॅकने मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये ३८९ घनइंचांचं दांडगं इंजिन बसवून 'जी.टी.ओ.' काढली आणि हे युग सुरू झालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात फोर्डने मस्टँग आणली. मग कमॅरो आली, रोड रनर आली. पुढे १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा, विम्याचे वाढलेले हप्ते आणि १९७३ ची तेलबंदी या तिघांनी मिळून तो खेळ आटोपला. आता गंमत पाहा. आपल्या लोकांना या देशाचं दार उघडणारा इमिग्रेशन कायदा १९६५ चा. म्हणजे आपली पहिली फळी इथे उतरली ती नेमकी याच गाड्यांच्या ऐन भरात. पण खिशात मोजके डॉलर, डोक्यावर घरी पैसे पाठवण्याची जबाबदारी. तेव्हा घेतली ती सेकंडहँड व्हॅलियंट नाहीतर डार्ट, आणि शेजारच्या पोराची गुरगुरणारी जी.टी.ओ. पार्किंग लॉटमधून नुसती पाहिली. ती राहून गेलेली हौस आता निवृत्तीत डोकं वर काढते. त्यात घरातल्या मुलाला किंवा नातवालाही तेच वेड असलं की विचारायलाच नको.

हौसेला आमची ना नाही. आमचा मुद्दा हिशेबाचा आहे. आणि आपला हिशेब चुकतो त्याला एक खास देशी कारण आहे.

आपण लहानपणी गाड्या दुरुस्त होताना पाहिल्या त्या मुंबई-पुण्यात. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जुळवलेल्या डॉज आणि प्लिमथ वर्षानुवर्षं टॅक्सी म्हणून धावत. बिघडल्या की कोपऱ्यावरचा मिस्त्री पत्रा ठोकून, लांबी भरून, रंग मारून पुन्हा रस्त्यावर आणायचा. तिथे पार्ट मिळणं मुश्कील आणि महाग, पण माणसाचे हात स्वस्त. इथे नेमकं उलटं! कमॅरो किंवा मस्टँगचा फ्लोअर, फेंडर, सीट कव्हरं, काचेची रबरं, सगळं नवं करकरीत बनवून कॅटलॉगमधून घरपोच मिळतं. महाग आहेत ते हात. बॉडी शॉपचा दर ताशी शंभर डॉलरच्या आसपास, कुठे थोडा कमी, कुठे बराच जास्त. आणि नटबोल्टापासून पूर्ण गाडी करायची तर हजार तास सहज लागतात. नुसता गुणाकार करून पाहा.

आम्ही एका कागदावर ढोबळ अंदाज मांडला. समजा, १९६९ ची साध्या इंजिनाची कमॅरो, सांगाडा आणि खोकी मिळून १०,००० डॉलरला मिळाली. इंजिन, गिअर, ब्रेक, वायरिंग जोडायची कामं तुम्ही स्वतः करणार आणि फक्त पत्र्याचं आणि रंगाचं काम बाहेर देणार. नवे पत्रे ४,०००. पत्र्याचे आणि रंगाचे दोनशे तास धरले तर २०,०००, शिवाय रंगाचं सामान ३,०००. मशीन शॉपसकट इंजिन ६,०००, गिअरबॉक्स आणि मागचा अॅक्सल ३,०००, ब्रेक-सस्पेन्शन ३,५००, आतलं सगळं ४,०००, वायरिंग, काचा, रबरं ३,०००, क्रोम २,५००, चाकं-टायर १,५००, आणि गाडी आणण्याचं भाडं, सेल्स टॅक्स, विमा वगैरे १,५००. बेरीज झाली ६२,००० डॉलर! तुमच्या स्वतःच्या शनिवार-रविवारांची किंमत यात शून्य धरली आहे. अशीच पूर्ण झालेली साधी गाडी बहुतेक वेळा याहून कमी पैशात मिळते, कारण तिच्यावरचा जास्तीचा खर्च आधीच्या कुणी हौशी माणसाने सोसलेला असतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा.

विकणारा मात्र आपल्याला वेगळाच हिशेब दाखवतो. "अहो, ही बघा पावत्यांची फाइल. वीस हजार घातलेत मी, तुम्हाला बारात देतोय!" पण त्याने किती घातले याच्याशी आपलं काय देणंघेणं? आपल्याला विचारायचं ते एवढंच, की उरलंय किती. अर्धवट गाडीत झालेलं काम सोपं असतं आणि राहिलेलं अवघड. खोलायला दोन वीकएंड पुरतात. सोडून दिलेली गाडी बहुधा जिथे पैसे संपले किंवा धीर संपला तिथेच थांबलेली असते.

ओहायोतल्या आमच्या एका स्नेह्यांनी अशी एक शेव्हेल घेतली. सोबत चौदा खोकी. मुलगा तेव्हा नववीत होता आणि दोघांनी मिळून ती करायची असा बेत होता. खोकी उघडल्यावर कळलं की ब्रॅकेट आणि बोल्ट निम्मे गायब, एक दरवाजा दुसऱ्याच वर्षाच्या गाडीचा, आणि मागच्या पत्र्यावरचा चकचकीत प्रायमर खरवडला तर आत बोटभर लांबी, म्हणजे इथला बॉन्डो. बॉडी शॉपमध्ये गाडी चौदा महिने राहिली. ती परत आली तोवर मुलगा कॉलेजला निघून गेला होता. वहिनींची रोजची गाडी अजून बाहेर बर्फात उभी असते. मागे भेटल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "भावजी, पैशांचं एक वेळ जाऊ द्या हो. पण दोघं मिळून करणार होते ना? पोरगं दोन वर्षं नुसतं खोक्यांकडे बघत बसलं." यावर आम्ही काय बोलणार? कागदावरच्या त्या अंदाजात हा आकडा नव्हता.

तरीही कुणाला घ्यायचीच असेल, तर आधी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, गंज. एक लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे लांबी आहे. डिकीचा तळ, मागच्या चाकांभोवतीचा पत्रा, व्हायनिल छप्पर असलं तर त्याच्या कडा आणि विंडशील्डच्या खालचा भाग वाकून पाहा. मिशिगन-ओहायोकडच्या मिठाच्या रस्त्यांवर वाढलेल्या गाडीपेक्षा अॅरिझोनाकडची गाडी दोन पैसे जास्त देऊनही परवडते.

दुसरी, कागदपत्रं. टायटल विकणाऱ्याच्याच नावावर आहे का, त्यावर कुणाचं कर्ज आहे का, आणि गाडीवरच्या पट्टीवरचा व्हिन नंबर टायटलशी अक्षरन् अक्षर जुळतो का, हे पैसे देण्याआधी पाहावं. पट्टी काढलेली किंवा बदललेली दिसली तर तिथूनच मागे फिरा. नंबरात फेरफार करणं हा फेडरल गुन्हा आहे. "टायटल काय, नंतर मिळेल" या वाक्यावर एक डॉलरही देऊ नये.

तिसरी, अस्सलपणा. पहिली जी.टी.ओ. म्हणजे टेम्पेस्टवर घेतलेला जादा पैशांचा ऑप्शन होता. त्यामुळे साध्या गाडीला बिल्ले लावून जी.टी.ओ. करणं काही अवघड नाही. पॉन्टिअॅकसाठी पी.एच.एस. या संस्थेकडून आणि १९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्टमधून गाडी कारखान्यातून कशी निघाली ते कळतं. हजारोंच्या सौद्यात तेवढी फी देण्यात कंजुषी नको.

चौथी, पार्ट. मस्टँग-कमॅरोचं जवळजवळ सगळं मिळतं. प्लिमथ किंवा ए.एम.सी. असेल तर एखाद्या पट्टीसाठी पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीच्या शरद ऋतूतल्या बाजारात दिवसभर पायपीट करावी लागते. म्हणून खोक्यातलं काय हरवलंय याची यादी आधी करावी, भाव मग.

आणि 'गुंतवणूक' हा शब्द कृपा करून विसरा. स्वतःच्या हौसेच्या गाडीत तोटा झाला तर टॅक्समध्ये वजावट मिळत नाही, पण नफा झाला तर त्यावर मात्र टॅक्स आहे!

मग घ्यावी की नाही? आमच्या मते आधी घरात बसून एकच गोष्ट ठरवावी, आपल्याला गाडी हवी आहे की काम. गाडी हवी असेल तर पूर्ण झालेली, चालती गाडी तपासून घ्यावी आणि ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड रस्त्यावर १९९५ पासून भरणाऱ्या जुन्या गाड्यांच्या जत्रेत खुशाल मिरवावी. मुलाबरोबर काम करायची हौस असेल, तर चमकणारी नसली तरी चालेल, पण स्वतःच्या पायाने घरी येणारी गाडी घ्यावी. या शनिवारी ब्रेक, पुढच्या शनिवारी कार्ब्युरेटर, आणि संध्याकाळी तिच्यातूनच दोघांनी आइस्क्रीम खायला जावं. मूल नववीत असेल तर हातात चारच उन्हाळे आहेत. रंग काय, नंतरही देता येतो.

आपल्यापैकी कुणी अशी गाडी खरोखर पूर्ण केली असेल, तर खर्चाच्या आकड्यांसकट आम्हाला जरूर कळवा. सौभाग्यवतींना सांगितलेला आकडा आणि खरा आकडा, दोन्ही लिहावेत. पहिला छापू, दुसरा गुप्त ठेवू!